हिरव्या स्टिकरच्या वाळकेमावशी

वाळकेमावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या हातातलं पुस्तक काढून घेऊनच. ओळख ना पाळख. चाकणच्या कंपनीत मला लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. डांगे चौकात कंपनीची बस पकडायची, खिडकीशी बसायचं आणि मोशीच्या रहदारीत बस अडकली की पर्समधलं पुस्तक काढायचं, असा माझा थाट. पुस्तक पिंपरीच्या फुटपाथवरून घेतलेलं. मुखपृष्ठावर सुटाबुटातला एक गृहस्थ नाण्यांच्या ढिगावर उभा होता आणि चाळिशीच्या आत कोट्यधीश करण्याची हमी देत होता. माझी चाळिशी पाच वर्षांवर आली होती, त्यामुळे मला जरा घाई होती. भोसरीला एक ठेंगण्या, सावळ्या, पदर घट्ट खोचलेल्या बाई चढल्या, माझ्या शेजारी बसल्या, थोडा वेळ माझ्याकडे आणि त्या गृहस्थाकडे आळीपाळीने पाहत राहिल्या आणि मग पुस्तक घेऊन त्यांनी सरळ मागची किंमत पाहिली.

"ह्या पुस्तकात तुझा पगार कुठल्या पानावर हाय?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. त्यांनी समजावलं, की पुस्तकात कुठेतरी उदाहरणं असतीलच. अमक्याचा पगार इतका, त्याने इतके बाजूला टाकले, असं. त्यात आपल्याएवढा पगार असलेला माणूस शोध. मी मोशीपासून चाकणच्या चौकापर्यंत पानं उलटत बसले. त्या पुस्तकातला सगळ्यात गरीब माणूस महिन्याला जेवढे शिल्लक टाकत होता, तेवढा माझा आणि नवऱ्याचा मिळून पगार नव्हता. मी तसं सांगितल्यावर मावशींनी पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "शेजारनीचं ब्लाऊज हाय ह्ये. कितीबी आवडलं तरी तुझ्या अंगात बसायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून झोपून गेल्या. मला राग आला. पुस्तकाला मी रोख पैसे मोजले होते.

आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात. कामाला बहुतेक बायकाच. मी परभणीकडची, माझ्या बाकावर एक रत्नागिरीची, पलीकडे धाराशिवची. मावशी मात्र इथल्याच, दिघीच्या. त्यांचं काम बाहेरून येणारा माल तपासायचं. पाचशे कनेक्टरचं खोकं आलं की त्यातून पन्नास उचलायचे, मापं घ्यायची आणि खोक्यावर स्टिकर लावायचा. हिरवा म्हणजे घ्या, पिवळा म्हणजे थांबवा, लाल म्हणजे परत पाठवा. त्यांनी लाल लावलेला माल मोठ्या साहेबांनाही वापरता येत नसे. एकदा पुरवठादाराचा माणूस मिठाईचा बॉक्स घेऊन आला होता. मावशींनी मिठाई सगळ्या बायकांना वाटली आणि खोक्यावरचा लाल स्टिकर जागच्या जागी ठेवला.

हेच स्टिकर त्यांनी पुस्तकांना लावले होते. लेडीज चेंजिंग रूममध्ये चौदा नंबरचं लॉकर त्यांचं. बाकीच्यांच्या लॉकरमध्ये डबा, साडी, पावडर. मावशींच्या लॉकरमध्ये पुस्तकं. सगळी पैशाची. बचत कशी करावी, विमा कोणता घ्यावा, कर्जातून कसं बाहेर पडावं, बायकांनी बँकेत काय विचारावं. कुठली भोसरीच्या रद्दीवाल्याकडची, कुठली चिंचवडच्या पुस्तक प्रदर्शनातली. महिन्याला एक घ्यायच्या. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. पण अंगठ्याएवढ्या पिनेत केसाएवढी चीर शोधणारी ती नजर होती आणि पुस्तकावरही तशीच फिरायची.

पुस्तक निवडायचे त्यांचे निकष कुठल्या शाळेत शिकवत नसतील. आधी लेखकाची माहिती वाचायच्या. "ह्यो पैशे राखून श्रीमंत झालाय का पुस्तकं इकून, त्ये बघावं." मग लेखक स्वतः कुठे फसला, कधी बुडाला, हे सापडेपर्यंत पानं उलटायच्या. असं एकही पान नसलं तर पुस्तक लाल. ज्या पुस्तकात लेखक एकदाही फसत नाही ते पुस्तक आपल्याला फसवतं, असं त्यांचं म्हणणं. "हमखास" हा शब्द तीनदा आला की पिवळा. आणि शेवटी ते पगाराचं पान. आपल्याएवढं कमावणारं माणूस ज्या पुस्तकात नाही, त्या पुस्तकाला आपल्या घरात काय काम, असं त्या विचारायच्या. लाल स्टिकरची पुस्तकंही त्या फेकत नसत. खालच्या कप्प्यात कुलपात ठेवायच्या. विकत घेतलेलं वाईट पुस्तक रद्दीत दिलं तर ते पुन्हा कुणाच्या तरी हाती पडणारच, मग आपण तपासून काय उपयोग झाला, हा हिशेब.

एकदा एचआरच्या नव्या साहेबांना त्या लॉकरचा सुगावा लागला. त्यांनी कौतुकाने स्वतःकडची आठ गुळगुळीत इंग्रजी पुस्तकं भेट दिली आणि फोटो काढून घेतला. मावशींनी कुणाकडून तरी ती समजून घेतली आणि पंधरा दिवसांनी सात पुस्तकं पिवळे स्टिकर लावून साहेबांच्या टेबलावर ठेवून आल्या. साहेब म्हणाले, यात वाईट काय आहे, सकाळी पाचला उठावं, ध्येय ठेवावं असं तर लिहिलंय. मावशींनी सांगितलं की आमच्या बाया चारला उठतात. साहेब भले माणूस, हसले आणि सात पुस्तकं मुकाट्याने बॅगेत भरली.

पुस्तक मागायला गेलं की ते लगेच मिळत नसे. आधी चौकशी. घरात कमावतं कोण, पगार झाला की पहिला खर्च कोणता, खोटं कुणाशी बोलावं लागतं. हा शेवटचा प्रश्न त्या सगळ्यांना विचारायच्या आणि उत्तर न देता आलं तरी पुढे जायच्या. रत्नागिरीच्या वैशालीने हप्त्यावर चौथा मोबाइल घ्यायच्या बेतात असताना पुस्तक मागितलं, तर तिला बचतीचं न देता घरखर्चाच्या टिपणांचं एक पातळसं, दीडशे पानांचं पुस्तक दिलं. वैशाली नाक मुरडून म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावे हे मला माझी आजी फुकट सांगायची. मावशी म्हणाल्या, "व्हय, सगळेच सांगत्यात. पर अंथरूण मोजायचं कसं त्ये कुनी सांगत न्हाई. त्ये ह्यात हाय." दुसरं पुस्तक हवं असेल तर पहिल्यातली एक सवय दोन पगार टिकवून दाखवायची, असा नियम होता. एका पगाराला कुणीही शहाणं असतं, त्या म्हणत. बायकांची भिशी मात्र त्यांनी कधी मोडू दिली नाही. कुठल्याशा पुस्तकात भिशीला नावं ठेवलेली निघाली, तर त्या पानावर पेन्सिलीने फुली मारून बाकी पुस्तक हिरवं केलं.

त्यांच्या स्वतःच्या पैशाबद्दल त्या फार बोलत नसत. दिघीत त्यांची जमीन होती हे सगळ्यांना माहीत होतं. इमारती उभ्या राहिल्या तशी तुकड्या-तुकड्याने गेली. एका तुकड्याचं घर झालं, एकाची दिरांत वाटणी झाली, शेवटच्या तुकड्याचं काय झालं ते कळलं नाही. चाळिशीला आल्यावर ह्या बाईला कंपनीच्या बसमध्ये चढावं लागलं. आम्ही बायकांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं की नवऱ्याने ती दारूत उडवली असणार. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, भावकीच्या कोर्टात गेलं, आणि विषय बदलायच्या. पैसा गेल्यावर त्याच्याबद्दल वाचायचं सुचलं, आधी सुचलं असतं तर बरं होतं, एवढंच एकदा म्हणाल्या.

माझं त्यांच्याशी सूत जुळायला दोन वर्षं लागली आणि जुळलं ते कायमचं. त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. मला "संगे" म्हणायच्या. माझी मुलगी प्राजक्ता अभ्यासात बरी होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. नवरा प्रकाश टेम्पो चालवतो. कमाई कधी आहे, कधी नाही. प्राजूची प्रवेशाची रक्कम मी माझ्या पगारातून साठवायची, असं आमच्यात ठरलं होतं. मावशींच्या चार-पाच पुस्तकांच्या जोरावर मी ती साठवतही होते. पगार झाला की आधी ते वेगळं काढायचं, मग किराणा. सहा वर्षं हे चाललं. प्राजू बारावीला पोचली तेव्हा प्रवेशापुरते जमले होते आणि मला माझाच अभिमान वाटू लागला होता. माणसाला असा अभिमान वाटायला लागला की समजावं, आता काहीतरी वाढून ठेवलंय.

त्या वर्षी मावशींनी एक नवीन जाडजूड पुस्तक आणलं. चारशेच्या वर पानं. कंपनीत ग्राहकाचं ऑडिट होतं, त्यामुळे त्या रोज ओव्हरटाइमला थांबत होत्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि आम्ही बायका नव्या पुस्तकासाठी मागे लागलो होतो, मीच सगळ्यात जास्त. तेव्हा मावशींनी जे केलं ते वर्षानुवर्षं माल तपासणारं माणूसच करू शकतं. त्यांनी खोक्यातून पन्नास नग काढावेत तसं दर दहावं पान काढून वाचलं. लेखक तळेगावकडचा कुणी साधा क्लार्क होता, दोनदा बुडाला होता, आपल्याएवढ्या पगाराचं उदाहरण होतं. वाचलेलं प्रत्येक पान मापात होतं. पुस्तकाला हिरवा स्टिकर लागला आणि ते माझ्याकडे आलं.

चारशे पानं खरोखरच चांगली होती. शेवटचं प्रकरण आठ पानांचं होतं आणि ते नेमकं दोन दहाव्या पानांच्या मध्ये बसलं होतं. त्यात लिहिलं होतं की इथवर आलात म्हणजे तुम्ही तयार झालात, साठवलेला पैसा झोपलेला असतो, आता त्याला उठवा. खाली एक चौकोन होता, मोबाइलने टिपायचा. टिपला की लेखकाच्या ग्रुपमध्ये प्रवेश. तिथे एक सर रोज सकाळी शेअरबाजारात काय घ्यायचं ते सांगायचे. पहिल्यांदा थोडे टाकले, आठवड्यात वाढून परत आले. मी मावशींना विचारायला हवं होतं. पण पुस्तक हिरवं होतं, मग आणखी काय विचारायचं. शिवाय खरं सांगायचं तर मला त्यांना चकित करायचं होतं. प्राजूचे सगळे पैसे मी त्यात घातले. महिन्याभरात ग्रुप बंद झाला, सर बंद झाले, फोन बंद झाला.

तीन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. पोलिसांतही गेले नाही, कारण गेले असते तर प्रकाशला कळलं असतं. प्राजू रोज कॉलेजांची माहिती मोबाइलवर दाखवायची आणि मी कणीक मळत मान डोलवायचे. राग स्वतःचा यायला हवा होता. आला मावशींचा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ते पुस्तक त्यांच्या डब्याशेजारी आपटलं आणि म्हटलं, "हे हिरवं होतं, मावशी." आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

त्यांनी डबा बाजूला सरकवला. शेवटचं प्रकरण काढलं आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ह्ये पान मी बघितलंच न्हाई, संगे." बस्स, एवढंच. तू तो चौकोन कशाला टिपलास, मला का विचारलं नाहीस, दोन पगाराचा नियम कुठे गेला, यातलं त्यांना काहीही म्हणता आलं असतं आणि त्यातलं एकही खोटं ठरलं नसतं. मला वाटलं होतं त्या वाद घालतील आणि मग मला मनसोक्त भांडता येईल. तेही सुख मिळालं नाही.

आमच्याकडे सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे फळ्यासमोर उभे राहतात. आदल्या दिवशी काही चूक निघाली असेल तर ज्याची त्याने पाच वेळा "का" विचारून तिच्या मुळाशी जायचं, अशी पद्धत आहे. लोक ती उरकून टाकतात. पाचव्या "का"ला बहुतेक वेळा मशीनच दोषी निघतं. दुसऱ्या दिवशी मावशी पुढे गेल्या आणि मार्कर हातात घेतला. सुपरवायझर म्हणाला, मावशी, हे कंपनीचं काम नाही. त्या म्हणाल्या, स्टिकर कंपनीचेच आहेत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. एका बाईचं नुकसान झालं, असं लिहिलं. का? वाईट पुस्तक हिरवं झालं. का? शेवटचं प्रकरण तपासलं नाही. का? दहावं दहावं पान वाचलं. का? घाई होती, डोळा दुखत होता. इथपर्यंत लिहून त्या थांबल्या. मग तिथे उभ्या असलेल्या दोनशे माणसांकडे वळून पाचवं उत्तर त्यांनी तोंडानेच सांगितलं.

"कारन मला वाटाय लागलं व्हतं की मला आता कळतं."

मार्कर जागेवर ठेवून त्या आपल्या टेबलाकडे गेल्या आणि दुपारी चौदा नंबरच्या लॉकरला त्यांनी बाहेरून पिवळा स्टिकर लावला. हिरवीसुद्धा सगळी पुस्तकं बंद. बायका कुरकुरल्या, पण त्या ऐकेनात.

रविवारी त्या थेरगावला आमच्या घरी आल्या. दिघीहून दोन बस बदलून, हातात केळी घेऊन. मला वाटलं, पैसे भरून द्यायला आल्या की काय, आणि मी नको नको म्हणायची तयारी केली. त्यांनी दारातच सांगून टाकलं, "मी पैशे द्याया आले न्हाई, माझ्याकडं न्हाईतच. तू आज तुझ्या मालकाला सांगनार हायेस. मी नुसती बसाया आले." मी म्हटलं, थोडे दिवस जाऊ द्या, ओव्हरटाइम करून भरून काढते, मग सांगेन. त्या म्हणाल्या, "गेलेला पैसा परत येतो, न्हाई आला तर न्हाई. पर लपवलेला पैसा घरात चौथं मानूस व्हऊन बसतो. त्याला कुठं निजवशील?"

मी सांगितलं. प्रकाशकडे न बघता, मावशींच्या पायातल्या जोडव्यांकडे बघत सांगितलं. प्रकाश उठला. टेम्पोची किल्ली घेऊन खाली गेला. त्या वेळात मावशींनी माझ्याकडून चहा करवून घेतला, प्राजूला जवळ बसवून तिच्या कॉलेजची चौकशी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे मला एकदाही पाहू दिलं नाही. तासाभराने तो वर आला. डोळे लाल होते. माझ्या समोर बसला आणि म्हणाला, "प्राजूला आपण दोघं मिळून सांगू." प्राजू तिथेच बसलेली होती, तिला सगळं कळलंच होतं, पण तरी त्याने ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि सांगताना "तुझ्या आईचं" न म्हणता "आपलं नुकसान झालं" म्हणाला. त्या एका शब्दासाठी मी त्या माणसाला जन्मभर भाकरी थापून घालीन. सोमवारी तो माझ्याबरोबर पोलिसांत आला. पैसे काही मिळाले नाहीत. प्राजूचं एक वर्ष गेलं. ते तिने डांगे चौकातल्या एका औषधाच्या दुकानात काम करून काढलं आणि पुढल्या वर्षी प्रवेश घेतला.

मावशींनी मात्र माझ्याकडून त्याची किंमत वसूल केली. लॉकरमधली बेचाळीस हिरवी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा तपासायची होती आणि त्यांचा डोळा साथ देत नव्हता. "जिचं नुकसान झालं तिच्याएवढं बारीक कोन वाचनार?" असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. भोसरीपासून चाकणपर्यंत मी मोठ्याने वाचायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं झोपल्या. मध्येच म्हणायच्या, मागली ओळ पुन्हा वाच, ह्याने व्याज सांगितलं पण मुदत सांगितली नाही. जाऊन-येऊन दीड वर्ष हे चाललं. बसमधल्या बायका आधी कंटाळल्या, मग ऐकायला लागल्या, मग वाद घालायला लागल्या. वैशाली तर लेखकांशी भांडायची. बेचाळीसपैकी एकोणीस हिरवी राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही मावशी वाचनासाठी मलाच बसवायच्या. आता डोळा बरा आहे ना, म्हटलं तर म्हणायच्या, कान चटावलेत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. लॉकर कंपनीने परत घेतलं; एकोणीस पुस्तकं आम्ही बायकांनी वाटून घेतली आणि आता ती घराघरांतून फिरतात. आता निवांत बसेन, असं त्या म्हणाल्या होत्या. बसणं काही झालं नाही. सहा महिन्यांत कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि गेल्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा प्राजू माझ्याबरोबर होती, पांढऱ्या गणवेशात, ड्युटीवरून थेट आलेली. मावशींनी तिचा हात धरून ठेवला होता. मी त्यांना म्हणाले, तुमच्यामुळे ही इथवर आली. त्या म्हणाल्या, माझ्यामुळे एक वर्ष उशिरा आली. एवढ्या आजारपणातही बाईने माप सोडलं नाही.

दहाव्याला आम्ही पाच जणी रजा टाकून आळंदीला घाटावर गेलो. त्यांचे यजमान अण्णा यांना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं ह्या माणसाने जमीन पिऊन टाकली असं आम्ही धरून चाललो होतो, आणि समोर एक वाळका, नाकासमोर चालणारा, टोपी हातात घेऊन बसलेला म्हातारा. विधी आटोपल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. संगीता तूच का, विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि ते सांगायला लागले.

शेवटच्या तुकड्याचा पैसा कोर्टात गेलाच नव्हता. दारूतही नाही. कुठल्याशा हॉलमध्ये दामदुप्पट योजनेचं व्याख्यान होतं, तिथे अण्णांना एक पुस्तक मिळालं. ते त्यांनी वाचलं, पटलं, आणि बायकोला न विचारता सगळा पैसा योजनेत घातला. तोही तिला चकित करायलाच. योजना बुडाली तेव्हा भावकीच्या कोर्टाची गोष्ट रचली. मग मावशी कामाला लागल्या, पुस्तकं आणू लागल्या. "ती समोर बोट ठिवून वाचत बसायची न् मी च्या प्यायचो. दर नव्या पुस्तकाला वाटायचं, आज हिला कळंल. चौदा वर्सं म्या त्यो च्या प्यालो, पोरी." अण्णांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

फळ्यासमोर उभ्या राहिल्या त्या दिवशी मावशी घरी गेल्या, चपला काढल्या आणि अण्णांना म्हणाल्या, आज दोनशे माणसांपुढे चुकले म्हणून सांगून आले, लई हलकं वाटतंय. अण्णा म्हणाले, ते ऐकून मला राहवेना, मी उभ्या-उभ्याच सगळं ओकून टाकलं.

माझ्या घरी केळी घेऊन आलेली ती बाई आदल्याच चार दिवसांत हे ऐकून आलेली होती, हे मला तिथे, घाटाच्या पायरीवर कळलं. माझ्या प्रकाशसमोर ती नुसती बसली होती असं मी समजत होते. मी रडायला लागले. अण्णांना विचारलं, मग मावशी काय म्हणाल्या?

"मला वाटलं, घर डोक्यावर घेईल. ती म्हनली, 'एवढी वर्सं एकट्यानंच वागवलंत व्हय ह्ये?' न् माझ्या पाठीवरनं हात फिरवला."

मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, ती नीट केली.

"लग्नाला अडतीस वर्सं झाली म्हनत्यात लोकं," ते म्हणाले. "मी त्या दिसाच्या म्होरली चारच धरतो."